सोसायटीच्या पाटीवर 'अध्यक्ष' की 'अध्यक्षा'?

'अध्यक्ष' लिहा. व्याकरणात 'अध्यक्षा' चुकीचं नाही, पण गरजही नाही. मराठीत बऱ्याचदा क्रियापदच सांगून टाकतं: 'अध्यक्ष आल्या, अध्यक्ष बोलल्या'. आणि पाटीवर खाली नाव असतंच की. पुण्यात २०१७ मध्ये मुक्ता टिळक महापौर झाल्या, तेव्हा 'महापौर'ला शेपूट लावायची गरज पडली नाही. २००७ मध्ये प्रतिभा पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा मात्र 'राष्ट्रपत्नी म्हणायचं का' असले विनोद झाले. 'पती' म्हणजे इथे स्वामी, नवरा नव्हे.

खरी गंमत '-ईण' प्रत्ययात आहे. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, स्वतः पाटीलकी करणारी नव्हे. माझी आजी सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांच्या बायकोला 'डॉक्टरीणबाई' म्हणायची. त्या बिचाऱ्या गणित शिकवायच्या! म्हणून 'डॉक्टर' तसंच ठेवलेलं बरं. उलट शिक्षिका, लेखिका, कवयित्री इतके रुळलेत की ते मोडून काढायचा अट्टाहास मला पटत नाही. ('कवियत्री' लिहू नका, एवढं करा.)

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत बाई निवडून आल्यावर 'चेअरमन'वर अर्धा तास वाद झाला. 'चेअरपर्सन' सुचवणाऱ्या काकांना दुसऱ्या काकू म्हणाल्या, "अहो, मराठी शब्द आहे ना?" पेंटरने 'अध्यक्ष' रंगवलं. अक्षरं कमी, पैसेही कमी.

नोटिशीत 'सभासद बंधूंनो' असेल तर तेवढं मात्र बदला. 'सभासदहो' पुरतं.