तो आजारी आहे, मग त्याची धमकी मनावर घ्यायची का?

पहिल्या भेटीत त्या काकूंनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेला गॅसचा रेग्युलेटर काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. "रात्री उशाखाली घेऊन झोपते. बाहेर पडले की सोबत आणते," म्हणाल्या. (ओळख पटू नये म्हणून मी तपशील बदलले आहेत.) मुलगा सव्वीस वर्षांचा. बायपोलरचं, म्हणजे मन कधी टोकाचं चढतं तर कधी पार खचतं अशा आजाराचं, निदान होऊन चार वर्षं झालेली. हात थरथरतात म्हणून दोन महिन्यांपूर्वी त्यानं लिथियम हे त्यावरचं औषध परस्पर बंद केलं होतं. आता गावची जमीन विकून हॉटेल काढायचं त्याच्या डोक्यानं घेतलं होतं. "सही कर, नाहीतर घरासकट पेटवून देईन," असं तो आईला दोनदा म्हणाला होता.

"मॅडम, हे तो बोलतोय की त्याचा आजार? आजार बोलत असेल तर मी मनावर कशाला घेऊ?"

हा प्रश्न माझ्याकडे फार घरांतून येतो, आणि त्यामागे माया असते. पण धमकी आजारातून आली म्हणून ती पोकळ ठरत नाही. बायपोलर असलेली बहुतेक माणसं कुणावर हात उगारत नाहीत, हेही मी काकूंना सांगितलं. मात्र औषध सुटलेलं, झोप उडालेली आणि त्यात दारू असं जुळून आलं की धोका वाढतो. म्हणून विचारलं, झोपतो किती? "तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. तरी दमत नाही." पितो? "हल्ली रोज." कुणाच्या अंगावर गेलाय? "दिवाळीत जावयांची कॉलर धरली."

मी त्यांच्यासमोरच त्याच्या मनोविकारतज्ज्ञांना फोन लावला.

चहातून गोळी देऊ का, असं त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. मी नाही म्हटलं. लिथियमचं रक्तातलं प्रमाण तपासत राहावं लागतं. ते थोडं वाढलं तरी अपाय होतो, अंगातलं पाणी कमी झालं तरी वाढतं. दोन महिने बंद असलेलं औषध किती आणि कसं सुरू करायचं, हे डॉक्टरच ठरवतील. शिवाय चोरून दिलेलं एकदा कळलं, की तो तुमच्या हातचं पाणीही पिणार नाही.

मग आम्ही बराच वेळ फक्त त्या एका क्षणाबद्दल बोललो. तो ओरडायला लागला की काय करायचं? हॉटेलची योजना कशी फसेल हे पटवायला जायचं नाही. मेनियात, म्हणजे मन असं चढलेलं असताना, माणूस वादानं आणखी पेटतो. "तुला घाई झालीय, कळतंय मला. कागदाचं आज नाही," एवढंच, हळू आवाजात. खोटं वचन द्यायचं नाही. त्याची वाट अडवायची नाही, आणि आपण स्वतः दाराच्या बाजूला राहायचं. स्वयंपाकघरात तर थांबायचंच नाही. चार नातेवाईक बोलावून त्याला घेरायचं नाही. पेटवायची, मारायची भाषा आली, हातात काही आलं, की घर सोडायचं. शेजारच्या वहिनींकडे जायचं आणि ११२ लावायचा. फोनवर सुरुवातीलाच सांगायचं की मानसिक आजार आहे, उपचार सुटलेत, हातात काय आहे.

इथे काकू रडल्या. "पोटच्या पोराला पोलिसांच्या हवाली करू?"

मी त्यांना कायदा समजावून सांगितला. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. आजारामुळे कुणी स्वतःला किंवा इतरांना धोका ठरत असेल, तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं असतं; अशा माणसाला कोठडीत ठेवता येत नाही. त्याची तयारी नसताना दाखल करायचं तर दोन तज्ज्ञांनी त्याला वेगवेगळं तपासावं लागतं, आणि सुरुवातीला तीस दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. आणि एक गोष्ट मी त्यांना दोनदा वाचून दाखवली. समोरच्याला इजेची भीती वाटेल असं वागणं, हेसुद्धा त्या कायद्यात दाखल करण्याचं कारण धरलं आहे. त्यासाठी मार खाऊन दाखवावा लागत नाही. काकूंची उशाखालची भीती कायद्याच्याही हिशेबात होती.

पाचव्या दिवशी रात्री तो बाटलीभर पेट्रोल घेऊन आला. काकू अनवाणी वहिनींकडे गेल्या आणि ११२ लावला. पोलीस आल्यावर तो आधी चिडला, मग ओट्यावर बसून राहिला. तीन आठवडे तो रुग्णालयात होता.

घरी आल्यावर म्हणाला, "मला पोलिसांपुढे उभं केलंस तू." काकू म्हणाल्या, "केलं. परत तशी वेळ आली तर परत करीन. आणि डबाही मीच आणीन."

पुढच्या महिन्यात तो बहिणीबरोबर माझ्याकडे आला. डोकं शांत होतं, म्हणून आम्ही त्याच्याच हातानं कागद लिहून घेतला. सलग दोन रात्री झोप नाही, तर ताईनं डॉक्टरांना फोन करायचा. दारू बंद. पैशाचा, जमिनीचा कुठलाही व्यवहार महिनाभर थांबून, घरात बोलून. कायद्यानुसार आपला प्रतिनिधी साध्या कागदावर लिहून नेमता येतो. त्यानं बहिणीला नेमलं. आईचं नाव का नाही, असं मी विचारलं. "तिला आता झोपू दे," म्हणाला. हाताची थरथर त्यानं या वेळी डॉक्टरांना स्वतः सांगितली, आणि त्यांनी मात्रा जुळवून दिली.

काकूंना अजून झोप लागत नाही. मध्यरात्री फार जड झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करतात. तो क्रमांक घरच्यांसाठीही आहे. दर बुधवारी त्या माझ्याकडे येतात, आता मुलासाठी नाही, स्वतःसाठी. पिशवी मांडीवरच असते. तिच्यात काय आहे, मी विचारलेलं नाही.