सोनी आरएक्स१०० मार्क ७ की कॅनन जी७ एक्स मार्क ३: घरातल्या लहान मुलीचे फोटो काढायला कोणता घ्यावा?

तुमच्या गरजा वाचून सांगतो, सोनी घ्या. मात्र त्याचा झूम मोठा आहे म्हणून घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की मुलगी दोन वर्षांची आहे, फोटो बहुतेक घरात आणि संध्याकाळी काढले जातात, वर्षाकाठी एखादा प्रवास होतो, थोडे व्हिडिओही हवेत. पुढे विचारलंय की मेगापिक्सेल सारखे, सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) सारखा, वजन सारखं आणि सोनीचा झूम दुप्पट, मग कॅनन घेण्याचं कारणच काय? कारण आहे, आणि ते चांगलं भक्कम आहे. ते समजून न घेता सोनी घेतलात तर घरी आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी हिरमोड होईल. मी हे दोन्ही कॅमेरे भरपूर वापरले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कागदावर हे दोघे जुळे भाऊच वाटतात. दोन्ही जुलै २०१९ मध्ये जाहीर झाले. दोन्हींत २०.१ मेगापिक्सेलचा, १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा सेन्सर आहे. लांब झूमच्या साध्या खिशातल्या कॅमेऱ्यांत असतो त्याच्या साधारण चौपट क्षेत्रफळाचा. सोनीचं वजन ३०२ ग्रॅम, कॅननचं ३०४. खरा फरक दोन ठिकाणी आहे: सेन्सरच्या पुढे बसलेली लेन्स, आणि ती लेन्स फोकस कशी शोधते.

आधी लेन्स. कॅननची २४ ते १०० (हा झूमचा पल्ला, ३५ मिमी फिल्मच्या हिशेबातल्या मिलिमीटरमध्ये) आणि एफ/१.८ ते २.८, सोनीची २४ ते २०० आणि एफ/२.८ ते ४.५. सगळे २०० बघतात, एफकडे कोणी बघत नाही. एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त, आणि हा हिशेब आकड्याच्या वर्गावर चालतो. २.८ ला १.८ ने भागा आणि उत्तराचा वर्ग करा, साधारण २.४ येतील. म्हणजे झूम न करता, त्याच खोलीत, त्याच क्षणी कॅननच्या सेन्सरवर सोनीच्या जवळजवळ अडीच पट प्रकाश पडतो. चेहरा वेडावाकडा दिसू नये म्हणून ५०-७० पर्यंत झूम केलात तर कॅनन २.८ वर येतो आणि सोनी ४ च्या आसपास. तिथेही फरक दुपटीचा राहतो.

हा प्रकाश तुम्हाला कुठे लागणार? दोन वर्षांचं मूल एका जागी बसत नाही. ते स्पष्ट यायला शटर निदान १/२५० सेकंदाचं हवं. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात हलला तर सावरून घेतं, मूल हललं तर त्याचा काही उपयोग नाही, आणि ही गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. दिवे लावलेल्या नेहमीच्या खोलीत १/२५० ला कॅनन आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता; आकडा जितका मोठा तितके फोटोत दाणे जास्त) १२५०च्या आसपास निभावून नेतो. सोनीला ३२०० लागतो. एवढ्या सेन्सरवर ३२०० म्हणजे काय, ते फोटो मोठा करून बघितल्यावर कळतं. कानामागचे बारीक केस एकमेकांत मिसळून त्यांचा एक ठिपका होतो, गालावरची लव जाते आणि कातडी मेणासारखी गुळगुळीत दिसते. मोबाइलच्या पडद्यावर हे जाणवत नाही, पण फोटो भिंतीवर लावायला मोठा करून घेतलात तर नक्की जाणवेल.

कॅमेऱ्यांची परीक्षणं करणाऱ्या डीपीरिव्ह्यूच्या साइटवर एकाच स्टुडिओदृश्याचे वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी काढलेले फोटो शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. ते जरूर बघा, पण दोन्हीकडे आयएसओ १६०० ठेवून तुलना करू नका. तशी केलीत तर दोघे सारखेच दिसतील आणि तुम्ही म्हणाल, फरक काहीच नाही. तुमच्या घरात दोघे कधीच एका आयएसओवर नसणार. कॅननचा १६०० आणि सोनीचा ३२०० शेजारी ठेवा. ती खरी तुलना.

इथवर वाचून वाटेल की मग कॅननच घ्यावा. मुलगी बसून चित्र रंगवणारी असती तर मीही तेच म्हटलं असतं.

आता फोकस. कॅनन फोकस शोधतो तो कॉन्ट्रास्टवर, म्हणजे चित्रातल्या उजेड-अंधाराच्या फरकावर. लेन्स पुढे सरकते, चित्र सर्वांत स्पष्ट झालं की नाही हे कळायला तिला तो बिंदू ओलांडावा लागतो, आणि मग ती मागे येते. स्थिर वस्तूवर हे इतकं झटपट होतं की लक्षातही येत नाही. पण ठोकळे रचत बसलेली मुलगी अचानक उठून तुमच्याकडे धावत आली की लेन्स मागेपुढे करत राहते, आणि तेवढ्यात मुलगी पोहोचलेली असते. अशा वेळी कॅननच्या फोटोत मागच्या पडद्याची नक्षी धाग्यानिशी दिसते आणि चेहरा मऊ येतो. सोनीच्या सेन्सरवर फेज डिटेक्शनचे ३५७ बिंदू आहेत. फोकस कोणत्या दिशेला आणि किती चुकलाय हे त्याला थेट कळतं, त्यामुळे चाचपडणं नाही. डोळ्यावर एक छोटा चौकोन येऊन बसतो, मुलीने मान वळवली की चेहऱ्यावर जातो, ती परत वळली की पुन्हा डोळ्यावर. शिवाय सेकंदाला २० फोटो, आणि तेही मध्ये पडदा काळा न होता.

म्हणजे तुमच्या घरात या दोन गुणांची गाठ पडते: कॅननकडे प्रकाश, सोनीकडे फोकस. मी फोकसच्या बाजूने कौल देतो, आणि त्याचं कारण सरळ आहे. नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, नंतर बराच कमी करता येतो. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ठेवली असेल तर हल्लीची सॉफ्टवेअर ३२०० चा फोटो खूपच साफ करून देतात. हुकलेला फोकस मात्र नंतर परत आणता येत नाही.

झूमबद्दल आता बोलू. प्रवासात २०० चा उपयोग होतो हे खरं: देवळाच्या शिखरावरचं कोरीवकाम, नदीपलीकडची माणसं, स्टेजवरचा कार्यक्रम. पण कॅननने १०० वर काढलेला फोटो मधोमध कापून २०० इतका जवळ आणला तरी ५ मेगापिक्सेल उरतात. मोबाइलवर बघायला आणि ४ गुणिले ६ इंचांच्या छापील फोटोला ते पुरून उरतात. त्यामुळे निव्वळ झूमसाठी अडीच पट प्रकाश सोडायला मी तयार झालो नसतो. तुमचे आजवरचे प्रवासाचे फोटो एकदा चाळून बघा. 'अजून जवळून हवा होता' असं किती फोटोंबाबत वाटतं, त्यावरून या २०० ची तुम्हाला किती गरज आहे ते कळेल.

मागचं धूसर दिसण्याबद्दल एक गैरसमज सर्रास आहे, तो दूर करतो. एफ/१.८ आहे म्हणून मागचं कॅननमध्येच जास्त धूसर होणार, असं ठोकून दिलं जातं. खोलीत, जवळून, कमी झूमवर हे खरं आहे. पण पूर्ण झूमवर कॅननची खरी फोकल लेंग्थ ३६.८ मिलिमीटर असते, तिला २.८ ने भागलं की लेन्सचं छिद्र साधारण १३ मिलिमीटरचं निघतं. सोनीची ७२ मिलिमीटर भागिले ४.५ म्हणजे १६. बाहेर मोकळ्या जागेत चार पावलं मागे जाऊन २०० वर चेहरा टिपलात तर दूरची झाडं सोनीत जास्त विरघळतात. बागेत खेळणाऱ्या मुलीचा असा फोटो काढून बघाच, फार सुरेख येतो.

व्हिडिओसाठी कॅननला झुकतं माप द्यावं लागतं, ते मुख्यतः उन्हासाठी. व्हिडिओतली हालचाल नैसर्गिक वाटायला शटर १/५० च्या आसपास हवं. भर उन्हात, आयएसओ १२५ वर, एवढ्या संथ शटरला एफ/२५ लागेल, आणि या दोन्ही लेन्स एफ/११ च्या पुढे बंद होत नाहीत. कॅननमध्ये तीन स्टॉपचा, म्हणजे प्रकाश एक अष्टमांशावर आणणारा, एनडी फिल्टर आत बसवलेला आहे. तो लावला की एफ/९ वर काम होतं. सोनीत तो नाही, म्हणून शटर वाढवावं लागतं आणि चालणारी माणसं किंचित झटके देत चालल्यासारखी दिसतात. माइकची जागा दोन्हींत आहे, पडदा दोन्हींचा वर उलटून आपल्याकडे वळतो. कॅननमध्ये ४के चित्रण एका वेळी दहा मिनिटांपर्यंतच चालतं. सोनीत तापमानाची मर्यादा वाढवण्याची सेटिंग आहे, पण एवढंसं यंत्र सलग ४के चालवल्यावर तापतंच. मुलीचे दोन-दोन मिनिटांचे तुकडे घ्यायचे असतील तर कोणताही चालेल, आणि ती धावत असेल तर व्हिडिओतही सोनीचाच फोकस बरा टिकतो.

हातात घेतल्यावर कॅनन जास्त आवडेल, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे बोटांना पकड आहे, एक्स्पोजर कमीजास्त करायला वर वेगळी चकती आहे, मेनूसुद्धा बोटाने चालतो, आणि कातडीचा रंग जेपेगमध्ये थेट छान येतो. सोनी गुळगुळीत आहे. त्यावर चिकटवायची पकड मिळते, ती घ्याच. बदल्यात सोनीत कोपऱ्यातून वर येणारा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) आहे. कडक उन्हात पडद्यावर स्वतःचा चेहरा सोडून काही दिसत नाही, तेव्हा त्याचं मोल कळतं. कॅननला व्ह्यूफाइंडर नाहीच. चार्जिंग कॅननचं यूएसबी-सी वर, सोनीचं अजून जुन्या मायक्रो यूएसबीवर.

तुम्ही न विचारलेलं एक तिसरं नावही सांगतो: सोनी आरएक्स१०० मार्क ५ए, २०१८ चा. २४ ते ७० चाच झूम, पण एफ/१.८ ते २.८, फेज डिटेक्शनचे ३१५ बिंदू, व्ह्यूफाइंडर आणि आत एनडी फिल्टर. माइकची जागा नाही, टच नाही. प्रवासातला झूम तुम्हाला सोडवत असेल, तर तुमच्या संध्याकाळच्या खोलीसाठी याच्याइतका नेमका कॅमेरा मला दुसरा दिसत नाही. प्रकाश आणि फोकस दोन्ही एकत्र मिळतात. वापरलेला चांगल्या अवस्थेत मिळाला तर मी मार्क ७ च्या आधी त्याचा विचार करेन.

वापरलेला घेताना एक तपासणी चुकवू नका. या कॅमेऱ्यांची लेन्स आतबाहेर होते तेव्हा हवेबरोबर धूळ आत जाते, आणि सेन्सरवर बसलेली धूळ घरी साफ करता येत नाही, सगळा कॅमेरा उघडावा लागतो. एफ/११ ठेवून पांढऱ्या भिंतीचा किंवा निरभ्र आकाशाचा फोटो काढा, पूर्ण झूमवर आणखी एक काढा, आणि दोन्ही मोठे करून कानाकोपरा बघा. करडे, धूसर कडांचे ठिपके एकाच जागी परत दिसले तर तो कॅमेरा घेऊ नका. नवा घेतलात तरी तो खिशात मोकळा ठेवू नका. खिशातले कापडाचे बारीक तंतू सगळ्यात आधी आत जातात.

मार्क ७ घेतलात तर या सेटिंग आल्या आल्या करा. फोकस मोड एएफ-सी (सतत फोकस करत राहणारा), डोळ्याचा फोकस चालू, आयएसओ ऑटो, त्याची वरची मर्यादा ६४००, आणि 'आयएसओ ऑटो मिनिमम एसएस' १/२५० वर. ही शेवटची सेटिंग मेनूत खोल दडलेली आहे, पण ती केली नाही तर कॅमेरा घरात आपणहून शटर संथ करतो आणि हलत्या मुलीचे फोटो पुसट येतात. फाइल रॉ अधिक जेपेग ठेवा. बॅटरी एका चार्जमध्ये मानक चाचणीत २६० फोटो देते, कॅननची २३५. मुलामागे बर्स्ट (सलग भराभर फोटो) घेत आणि व्हिडिओ काढत फिरलात तर दिवस पुरत नाही, म्हणून दुसरी बॅटरी कॅमेऱ्याबरोबरच घ्या. मार्क ५ए आणि मार्क ७ ला एकच एनपी-बीएक्स१ चालते, म्हणजे पुढेमागे एकावरून दुसऱ्यावर गेलात तरी ती वाया जाणार नाही.