लॉक आधी आणा, शटर मग कापा

प्रश्न : परभणीला आमच्या नव्या घराचं फर्निचर चालू आहे, बेडरूममधे भिंतीतलं कपाट आणि किचनला ट्रॉल्या. मिस्त्री म्हणायलेत लॉकचं शेवटी बघू, होल मारलं की झालं. सासूबाईंच्या गोळ्या, दागिने, शेताचे कागद आणि फवारणीचं औषध कुलपात ठेवायचंय कारण घरात तीन वर्षाचं लेकरू आहे. शेवटी बसवलं तर चालतं का? – एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, होल शेवटी मारता येतं पण लॉकची जीभ अडकणार कशात ते आजच ठरवावं लागतं. आमच्याकडं हेच चुकलं बघा, ड्रॉवरच्या वर आडवी पट्टीच ठेवली नव्हती, चावी फिरवली की जीभ वर यायची आणि तशीच मोकळी राहायची, मग मिस्त्रीनं आतून अॅल्युमिनियमचा अँगल मारला तो दोन महिन्यात स्क्रूसकट हातात आला. म्हणून ज्या ड्रॉवरला लॉक पाहिजे त्याच्या वर प्लायची पट्टी आत्ताच टाकायला लावा, एकाखाली एक ड्रॉवर असले तर प्रत्येकाच्या वर.

दोन पल्ल्यांच्या कपाटात मधे उभं पार्टिशन नसेल तर एका पल्ल्याला आतून वर-खाली टॉवर बोल्ट, म्हणजे सरकत्या कड्या, लागतात आणि दुसऱ्याचं लॉक त्या पल्ल्याच्या मागं अडकतं. बोल्ट नसले तर लॉक असून दोन्ही पल्ले सोबतच ओढले जातात, लेकरालासुद्धा ते उघडता येतात. सरकत्या शटरचं, म्हणजे पल्ल्याचं, लॉक वेगळंच येतं, दुकानात आधी सांगा.

आणि जाडी. १९ मिमीचा प्लाय, बाहेरून १ मिमी सनमायका, आतून लायनर म्हणजे पातळ सनमायका, असं शटर २१ मिमीच्या आसपास जातं, लॉकची नळी, म्हणजे चावी जाते तो गोल भाग, त्याहून आखूड निघाली की शटरच्या आरपार पोचतच नाही. तर शटर कापायच्या आधी लॉक आणून मिस्त्रीच्या हातात द्या. सगळी एकाच चावीची मागितली तर बरं पडतं, फक्त दागिन्यांचं वेगळं ठेवा. चावीवरचा नंबर लिहून ठेवा.

फवारणीचं औषध मात्र ह्या कपाटात नकोच, कुलूप असलं तरी. किचनच्या, धान्याच्या जवळ तर अजिबात नको. शेतावर नाहीतर घराबाहेर वेगळी पत्र्याची पेटी करा, तिला कुलूप लावा, औषध त्याच्या मूळ बाटलीतच राहू द्या, आणि ती चावी लेकराचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा.