वाचक विचारतात: दोन्ही टीम काळ्याच, मग पास द्यायचा कुणाला?

मागच्या अंकात ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलबद्दल, म्हणजे तिकडची मंडळी ज्याला नुसतं 'फुटी' म्हणतात त्या खेळाबद्दल, जाताजाता एक वाक्य लिहिलं होतं की निम्म्या टीमचे रंग एकमेकांत मिसळतात. बाकी लेखाबद्दल कुणी काही बोललं नाही, पत्रं आली ती सगळी त्या एका वाक्यावर. तेव्हा यावेळचं पान त्यालाच देऊन टाकलंय.

प्रश्न (मेलबर्नहून एक आई): मुलगा इथल्या लोकल क्लबात फुटी खेळतो. क्लबने जर्सी एकच दिली पण शॉर्ट्स मात्र दोन घ्यायला लावल्या, एक नेव्ही ब्लू आणि एक पांढरी. चिखलात लोळून येणाऱ्या पोराला पांढरी शॉर्ट कशाला हो?

उत्तर: ताई, कपडे तुम्हाला धुवावे लागतात त्यामुळे राग येणारच, पण क्लबने हे उगाच नाही सांगितलेलं. या खेळात खूप जुनी पद्धत आहे की यजमान टीम गडद शॉर्ट्स घालणार आणि पाहुणी टीम पांढऱ्या. बिनबाह्यांची जर्सी, जिला तिकडे गर्न्झी नाहीतर जम्पर म्हणतात, ती क्लबची ओळख, तिला हात लावायचा नाही, मग फरक दाखवायचा कुठे तर कमरेखाली. मेलबर्नमध्ये 1957 साली मॅचेस टीव्हीवर दिसायला लागल्या आणि ऑस्ट्रेलियात रंगीत टीव्ही आला तो 1975 मध्ये, म्हणजे मधली अठरा वर्षं लोकांनी हा खेळ करड्या रंगातच पाहिला. तेव्हा काळ्या-लाल जर्सीत आणि काळ्या-पिवळ्या जर्सीत फरक करायला पांढऱ्या शॉर्ट्स हाच मोठा आधार होता. लोकल क्लबांकडे जर्सीचे दोन-दोन सेट ठेवायला पैसे नसतात, म्हणून तिथे ही पद्धत अजून टिकून आहे.

मुलगी खेळत असती तर मात्र मी सांगितलं असतं की क्लबशी स्पष्ट बोला. एएफएल म्हणजे तिकडची या खेळाची सगळ्यात मोठी लीग, तिच्या महिला लीगने पांढऱ्या शॉर्ट्स बंद केल्यात, कारण पाळीच्या दिवसांत त्या घालून खेळायचं म्हणजे डोक्याला ताप, अर्धं लक्ष तिकडेच. हे कळायला इतकी वर्षं का लागली ते विचारू नका. लोकल लेव्हलवरही मुली आणि आया आता हा विषय काढतात, तुम्ही काढलात तर कुणाला नवल वाटणार नाही.

प्रश्न (ठाणे): मोबाइलवर एसेन्डन विरुद्ध रिचमंड मॅचचे हायलाइट्स बघितले. दोघंही काळे, दोघांच्याही छातीवर तिरका पट्टा, फक्त एकाचा लाल आणि एकाचा पिवळा. मला तर बॉल कुणाकडे आहे तेच कळेना. एकाला सरळ पांढरे कपडे घाला म्हणून सांगता येत नाही का?

उत्तर: येतं, आणि सांगितलंही गेलंय, पण ती मोठी गंमत आहे.

आधी एक लक्षात घ्या, हा खेळ आपल्या फुटबॉलसारखा समोरासमोरचा नाही. अंडाकृती मैदान, लांबी 135 ते 185 मीटर, एका वेळी दोन्हीकडचे मिळून 36 जण आत, ऑफसाइड नाही, त्यामुळे माणसं चारी बाजूंना पसरलेली. बॉल हातात आला की मागून कुणीतरी येऊन आडवं पाडायच्या आत तो लाथेने नाहीतर मुठीने मारून आपल्या माणसाकडे द्यायचा. चेहरा बघायला वेळच नसतो, डोळ्याच्या कोपऱ्यातून जो रंग दिसतो त्यावर भरवसा ठेवून पास द्यायचा. म्हणजे रंगांचा क्लॅश हा नुसता सोफ्यावर बसणाऱ्यांचा त्रास नाहीये, मैदानातल्या पोरांचा पण आहे.

त्यात या लीगचं दुर्दैव असं की जुने क्लब बहुतेक सगळे गडद. कार्ल्टन नेव्ही ब्लू, मेलबर्न नेव्ही ब्लूवर लाल, जिलाँग नेव्ही ब्लू आणि पांढरे आडवे पट्टे, एसेन्डन काळा, रिचमंड काळा, कॉलिंगवूड काळे-पांढरे उभे पट्टे, नॉर्थ मेलबर्न निळे-पांढरे उभे पट्टे. यातले बरेचसे क्लब एकोणिसाव्या शतकातले. आजूबाजूच्या मोहल्ल्यांतून उभे राहिलेले, रंग ठरवले तेव्हा टीव्हीवर कसं दिसेल हा विचार कुणाच्या स्वप्नात पण नव्हता. आणि आजही 18 पैकी 9 क्लब मेलबर्न शहरातलेच, दोन मोठी स्टेडियम वाटून घेऊन खेळतात, त्यामुळे 'पाहुणी टीम' हे पुष्कळदा नुसतं कागदावर असतं. आपल्याच गावात, आपल्याच एमसीजीवर, निम्मं पब्लिक आपलं, आणि वरून ऑर्डर की आज तुम्ही पाहुणे, रंग बदला. कुणाला आवडेल?

2007 मध्ये एएफएलच्या कमिशनने फर्मान काढलं की प्रत्येक क्लबने क्लॅशसाठी वेगळी जर्सी ठेवलीच पाहिजे. एसेन्डनने काय केलं? तोच लाल पट्टा घेतला आणि इतका रुंद केला की जर्सी काळ्याची लाल झाली, डिझाइन मात्र तेच. मला ही युक्ती जाम आवडते, म्हणजे नियमही पाळला आणि वाकलेही नाहीत. 2011 पर्यंत ते चाललं, मग लीग म्हणाली हे पुरेसं वेगळं दिसत नाही, आणि 2012 पासून काही वर्षं एसेन्डनला राखाडी जर्सी घालावी लागली, लाल पट्टा तेवढा ठेवून.

आता लीगचं म्हणणं बरोबर होतं का? माझ्या मते हो. लाल आणि काळा शेजारी ठेवले की वेगळे वाटतात, पण लाल हा तसा बऱ्यापैकी गडद रंग आहे, शंभर मीटरवरून, फ्लडलाइटमध्ये, पावसात भिजलेला लाल आणि काळा, त्यात वर अर्ध्या मैदानावर स्टँडची सावली, मग सगळं एकच. रंग कोणता याला फार महत्त्व नाही हो, एक गडद आणि दुसरा फिका आहे का एवढंच बघायचं. राखाडी जर्सी दिसायला कशीही असो, रिचमंडच्या काळ्यासमोर ती दिसते तरी. तुमच्या फोनवर मॅचचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, दोन टीम वेगळ्या ओळखू आल्या तर क्लॅश नाही. यापेक्षा सोपी टेस्ट मला तरी माहीत नाही.

आणि हो, तुम्ही पाहिलेली मॅच जर 'ड्रीमटाइम अ‍ॅट द जी' ('जी' म्हणजे एमसीजी) असेल तर प्रकरण आणखी वेगळं. 2005 पासून एसेन्डन आणि रिचमंड दरवर्षी ही मॅच खेळतात, आदिवासी खेळाडूंच्या सन्मानासाठी, आणि याच दोघांची जोडी का तर एकाचा काळा-लाल आणि दुसऱ्याचा काळा-पिवळा एकत्र केला की अ‍ॅबओरिजिनल झेंड्याचे तीन रंग तयार होतात. म्हणजे जो क्लॅश एरवी लीगची डोकेदुखी, त्याच्याच जिवावर ही मॅच उभी आहे. त्या दिवशी दिसायला त्रास झाला तर मी तरी तक्रार करणार नाही.

प्रश्न (कोल्हापूर): आपल्या टीमने 2019 च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडविरुद्ध भगवी जर्सी घातली होती ते याच कारणाने का? आणि मग तिथे एवढं भांडण का नाही झालं?

उत्तर: कारण तेच. 30 जून, बर्मिंगहॅम, दोन्ही टीम निळ्या, इंग्लंड यजमान म्हणून त्यांनी निळा ठेवला आणि बदलायचं आपल्या वाट्याला आलं. भांडण झालं नाही असं कसं म्हणता, राजकारण्यांपर्यंत गेलं होतं की! 31 रनांनी हरलो तेव्हा अपशकुनाच्या गोष्टीही झाल्याच. फरक एवढाच की आपल्यासाठी तो एका दिवसाचा विषय होता, फुटीच्या क्लबांना हे दर सीझनला.

प्रश्न (नाशिक): पोर्ट अ‍ॅडलेड नावाच्या क्लबला स्वतःचीच जुनी जर्सी घालायला दुसऱ्या क्लबची परवानगी लागते असं वाचलं. हे खरं का? असलं तर हद्दच झाली.

उत्तर: बऱ्यापैकी खरं आहे. बसा, लांबण आहे.

पोर्ट अ‍ॅडलेड 1870 चा क्लब, साउथ ऑस्ट्रेलियातला. आधी त्यांचे रंग मॅजेंटा आणि निळा होते, पण टिकणारा डाय मिळेना म्हणून 1902 मध्ये काळ्या-पांढऱ्यावर आले. छातीवर खाली पांढरे उभे गज असलेली ती जर्सी, लोक तिला 'प्रिझन बार' म्हणतात, आणि क्लबचं टोपणनाव मॅगपाय, म्हणजे तिकडचा एक काळा-पांढरा पक्षी. इकडे मेलबर्नमध्ये कॉलिंगवूड, तेही काळे-पांढरे, तेही मॅगपाय. दोघं वेगवेगळ्या लीगमध्ये होते तोवर कुणाचं काही बिघडत नव्हतं. 1997 मध्ये पोर्ट मोठ्या लीगमध्ये म्हणजे एएफएलमध्ये आलं, आणि तिथे काळा-पांढरा आणि मॅगपाय आधीच घेतलेले. मग पोर्टने नाव घेतलं 'पॉवर', आणि काळ्या-पांढऱ्यात टील म्हणजे मोरपिशी रंग घातला.

पण शंभर वर्षांची सवय अशी जाते होय? पोर्टचे चाहते प्रिझन बार मागत राहिले आणि कॉलिंगवूड नाही म्हणत राहिलं. 1998 पासून 2021 पर्यंत एडी मॅकग्वायर कॉलिंगवूडचे अध्यक्ष होते, टीव्हीवरचा नावाजलेला माणूस, आणि या विषयावर त्यांनी कधीच तोंड बंद ठेवलं नाही. त्यांचं म्हणणं, काळे-पांढरे पट्टे या लीगमध्ये आमचे.

आता मजा बघा. 2014 च्या एलिमिनेशन फायनलमध्ये (हरला तो बाहेर) पोर्ट घरच्या मैदानावर रिचमंडशी खेळत होतं. पोर्टची नेहमीची जर्सी काळी, रिचमंडची पण काळी, लीग म्हणाली क्लॅश होतोय, बदला. पोर्टने तीच संधी साधली, प्रिझन बारला परवानगी मिळवली, आणि 57 पॉइंट्सनी मॅच मारली. ज्या क्लॅशच्या नियमाचं नाव पुढे करून ती जर्सी कपाटात गेली होती त्याच नियमाने ती बाहेर काढली.

2020 मध्ये क्लबला दीडशे वर्षं झाली म्हणून अ‍ॅडलेड क्रोजविरुद्धच्या लोकल डर्बीत, तिला 'शोडाऊन' म्हणतात, एकदा घालू दिली. 2021 ला पुन्हा मागितली तर नकार, वर पॉइंट्स कापण्याचा इशारा. तर पोरांनी मॅच नेहमीच्या जर्सीत जिंकली, आत गेले, प्रिझन बार चढवली आणि ड्रेसिंग रूममध्ये क्लबचं गाणं म्हटलं. पुढे मग शोडाऊनसाठी ती घालायला मंजुरी मिळाली.

माझं मत विचाराल तर कॉलिंगवूडची बाजू पोर्ट विरुद्ध कॉलिंगवूड मॅचपुरती शंभर टक्के बरोबर. पण शोडाऊन अ‍ॅडलेडच्या दोन क्लबांत, कॉलिंगवूड त्या दिवशी त्या शहरात पण नाही, मग क्लॅश कोणाशी होतोय? तिथे दिसण्याचा प्रश्नच नव्हता, मालकीचा होता. मालकीचं भांडण करायचं तर खुशाल करा, पण मग त्याला क्लॅश म्हणू नका.

प्रश्न (पणजी): एखाद्या टीमने क्लॅश नसताना, दुसऱ्याच कारणाने रंग बदलले असं झालंय का?

उत्तर: सेंट किल्डा. त्यांचे रंग लाल, पांढरा, काळा. पहिलं महायुद्ध लागलं आणि लक्षात आलं की अरे, हे तर जर्मन साम्राज्याच्या झेंड्याचे रंग! 1915 मध्ये पांढरा काढून पिवळा घातला, झाला बेल्जियमचा झेंडा, म्हणजे दोस्त राष्ट्राचा. युद्ध संपून काही वर्षं झाल्यावर परत मूळ रंगावर आले. आणि अगदी दुसऱ्या टोकाचं उदाहरण म्हणजे कार्ल्टन, 1997 मध्ये एका चॉकलेट गोळ्यांच्या कंपनीच्या जाहिरातीसाठी त्यांनी एका मॅचला नेव्ही ब्लू सोडून फिकट निळी जर्सी घातली. परंपरा परंपरा म्हणून छाती बडवणारे क्लब चेक बघितला की कसे नरम येतात ते तिथे दिसलं.

प्रश्न (सोलापूर): मी लाल-हिरवा रंगांध आहे. असल्या मॅचेस मला बघता येतील का?

उत्तर: बहुतेक मॅचेस आरामात, कारण या लीगमध्ये लालविरुद्ध हिरवा असा सामना आतापर्यंत जवळपास नव्हताच. वर सांगितलेली गडद-फिक्याची गोष्ट सगळ्यात जास्त तुमच्या कामाची. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारातल्या एकाला असा त्रास असतो, म्हणजे 36 जणांत दोन-तीन खेळाडू पण तुमच्यासारखेच असू शकतात. अंपायरांचं म्हणाल तर ते पूर्वी नखशिखांत पांढरे असायचे (प्रेक्षक त्यांना 'पांढऱ्या अळ्या' म्हणून शिव्या घालायचे), आता भडक रंग घालतात, तेही टीमशी मिसळायला नकोत म्हणून.

हिरवा मात्र येतोय. 2028 मध्ये टास्मानियाची टीम लीगमध्ये उतरणार आहे, टास्मानिया डेव्हिल्स, आणि त्यांची जर्सी हिरवी, त्यावर बेटाचा नकाशा. लोक खूश आहेत की चला, एक तरी रंग कुणाशी भांडणारा नाही. पण तो हिरवा पोपटी नाहीये, चांगला गडद आहे, आणि समोर कार्ल्टनचा नेव्ही ब्लू नाहीतर एसेन्डनचा काळा आला की संध्याकाळच्या मॅचला पुन्हा तेच रडगाणं. त्यांनी फिकी जर्सी पहिल्या दिवसापासून तयार ठेवलेली बरी.