तेजसला एवढा उशीर का झाला? आपल्या अभियंत्यांना लढाऊ विमान जमत नाही का?

जमत नाही असं मला अजिबात वाटत नाही. १९८३ साली मंजूर झालेलं तेजस हवाई दलात दाखल झालं १ जुलै २०१६ रोजी, हे खरं आहे. पण त्यासाठी सरसकट लाल फितीला दोष दिला, की खरं कारण नजरेआड होतं. एकाच विमानात फार गोष्टी आपण पहिल्यांदाच करायला घेतल्या.

त्याआधीचं आपलं लढाऊ विमान म्हणजे ‘मरुत’. ते १९६१ मध्ये उडालं. त्याला पुरेशा ताकदीचं इंजिन कधीच मिळालं नाही आणि त्यानंतर नव्या लढाऊ विमानाची रचनाच हाती घेतली गेली नाही. मरुतवर शिकलेली माणसं निवृत्त झाली, तेजसची सुरुवात जवळजवळ कोऱ्या पाटीवर झाली. त्यात कॉम्पोझिटचा, म्हणजे कार्बन तंतू आणि राळ यांच्या हलक्या पण मजबूत मिश्र साहित्याचा, सांगाडा नवा, रडार नवं आणि इंजिनही नवं. १९८९ मध्ये ‘कावेरी’ इंजिनासाठी सुमारे ३८३ कोटी मंजूर झाले, पण पुरेसा रेटा मिळेना आणि वजन आटोक्यात येईना. शेवटी २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळं केलं. बरं, तोवर तेजस अमेरिकन एफ-४०४ इंजिनावर उडत होतंच.

मला सगळ्यात अभिमान वाटतो तो फ्लाय-बाय-वायरचा, म्हणजे वैमानिकाच्या आज्ञा संगणकामार्फत विजेच्या संकेतांनी विमानापर्यंत पोहोचवणाऱ्या नियंत्रण प्रणालीचा. चपळाईसाठी तेजस मुद्दाम अस्थिर बनवलं आहे. संगणक क्षणाक्षणाला सावरत राहिला नाही तर वैमानिकाला ते हाताळताच येणार नाही. या प्रणालीचं काम अमेरिकन कंपनीच्या मदतीने चाललं होतं. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या, निर्बंध आले आणि आपल्या अभियंत्यांना तिथून परतावं लागलं. उरलेलं काम त्यांनी बंगळुरूत पुरं केलं. ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी पहिलं उड्डाण केलं. त्यानंतर तेजसचा पहिला अपघात झाला तो थेट मार्च २०२४ मध्ये, जैसलमेरजवळ. एवढ्या वर्षांच्या चाचण्यांत एकही विमान न गमावणं ही फार मोठी गोष्ट आहे!

खर्चाचं म्हणाल तर सुरुवातीचे ५६० कोटी हे पूर्ण विमानाचे पैसे नव्हतेच. १९९३ मध्ये दोन प्रात्यक्षिक विमानांच्या टप्प्यासाठीच तो आकडा २,१८८ कोटींवर गेला. प्रकल्प लांबला की पगार, प्रयोगशाळा, चाचण्या सगळं चालूच राहतं. शिवाय मधल्या काळात हवाई दलाच्या गरजा बदलतात. नवं क्षेपणास्त्र बसवायचं तर पंखाची मजबुती पुन्हा तपासावी लागते.

इंजिनाचं दुखणं मात्र अजून संपलेलं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेजसच्या ८३ मार्क-१ए (सुधारित आवृत्ती) विमानांचा करार झाला, पण त्यांच्यासाठीचं पहिलं अमेरिकन इंजिन आलं मार्च २०२५ मध्ये. आपल्या नाशिकजवळच्या ओझरमध्ये बांधलेलं पहिलं मार्क-१ए त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला उडालं. माझं स्पष्ट मत आहे की इंजिनाचं संशोधन कुठल्याही एका विमानाच्या वेळापत्रकाला न बांधता, स्वतंत्र निधी देऊन, अखंड चालू ठेवायला हवं.