अभ्यासात शिकलेले सिद्धांत आणि संशोधन प्रत्यक्ष कामात कसे उतरवावे?

पदव्युत्तर अभ्यासात वाचलेले सिद्धांत आणि शोधनिबंध नोकरीला लागताच निरुपयोगी वाटू लागले आहेत, तर त्यांचा कामाशी सांधा कसा जुळवावा, असे आपण विचारले आहे. मी अनेक वर्षे शिक्षक-प्रशिक्षणात आहे आणि नवे शिक्षक हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. माझे मत असे, की निबंध वाचताना आपण बहुधा काय केले आणि किती फरक पडला एवढेच टिपून घेतो. तो फरक कशामुळे पडला, हे निसटून जाते. प्रत्यक्ष कामात साधने, माणसे, वेळ सगळेच वेगळे असते, आणि अशा वेळी काय बदलले तर चालेल व कशाला हात लावायचा नाही, हे फक्त ते कारणच सांगू शकते.

जुलाबात पाजतात त्या मीठ-साखरेच्या पाण्याचे, म्हणजे जलसंजीवनीचेच पाहा. आतड्यातील पेशी ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेतात, हे रॉबर्ट क्रेन या जीवरसायनशास्त्रज्ञाने १९६० मध्ये मांडले. कॉलऱ्यात शरीरातले पाणी झपाट्याने बाहेर जात असले तरी शोषणाची ही वाट चालू राहते आणि सोडियमच्या मागोमाग पाणीही आत येते, हे पुढे स्पष्ट झाले. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते रुग्णांना त्यांच्या नातेवाइकांकरवी पाजले. मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

मला याहून अधिक शिकवून गेला तो पुढचा टप्पा. १९८०च्या दशकात बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने घरोघरी जाऊन मातांना तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी असे प्रमाण शिकवले. ग्लुकोजच्या जागी गूळ चालला, तराजूच्या जागी हात चालला, पण मिठाचे प्रमाण सैल सोडून चालणार नव्हते, कारण मीठ जास्त झाले तर लहान मुलाला अपाय होतो. म्हणून मातेने ते मिश्रण कार्यकर्तीसमोर स्वतः करून दाखवायचे, आणि मातांच्या किती लक्षात राहिले ते नंतर तपासून कार्यकर्तीचे मानधन ठरायचे. इतके करूनही अनेक माता ते वापरत नव्हत्या. चौकशीत कळले, की खुद्द कार्यकर्त्यांपैकी अनेकींचा त्यावर विश्वास नव्हता. तेव्हा हे पाणी शरीरात नेमके काय करते, ते संस्थेने त्यांना समजावून सांगितले. म्हणजे कारण माहीत असण्याची गरज शास्त्रज्ञाइतकीच दारोदार जाणाऱ्या बाईलाही होती.

कारण हातून सुटले की काय होते, तेही थोडक्यात सांगते. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात झालेल्या प्रयोगात १३ ते १७ मुलांच्या वर्गांतील मुले २२ ते २५ मुलांच्या वर्गांपेक्षा वाचनात आणि गणितात पुढे राहिली. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने तिसरीपर्यंतचे वर्ग २० मुलांवर आणण्यासाठी शाळांना निधी दिला. पण एकदम हजारो शिक्षक लागले, पूर्ण पात्रता नसलेल्यांची भरती वाढली आणि खोल्या अपुऱ्या पडल्या. आकडा बराचसा गाठला गेला. जाणत्या शिक्षकाचे प्रत्येक मुलाकडे अधिक लक्ष, हे मात्र अनेक ठिकाणी साधले नाही.

माझ्या कामातला एक प्रसंग सांगते. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांच्या संशोधनानुसार शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद किंवा अधिक थांबले तर अधिक मुले बोलतात व अधिक विस्ताराने बोलतात. माझ्या एका विद्यार्थिनीने परीक्षेत यावर उत्तम उत्तर लिहिले होते. पाठाच्या वेळी तिने विचारले, ‘बर्फ पाण्यावर का तरंगतो?’ आणि घड्याळात दोन सेकंद होण्याआधीच ‘सांगा, सोपं आहे’ म्हणत स्वतःच उत्तर दिले. मी तिला आठवण करून दिली. दुसऱ्या पाठात ती थांबली खरी, पण तेवढ्या वेळात तोच प्रश्न तीन वेगवेगळ्या शब्दांत विचारत राहिली. पाठ संपल्यावर मी तिला एवढेच विचारले, की त्या तीन सेकंदांत मूल काय करत असते? ती बराच वेळ गप्प होती. पुढच्या पाठात तिने प्रश्न विचारला, मुलांना उत्तर आधी वहीत लिहायला सांगितले आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. शेवटच्या बाकावरचा, कधीच न बोलणारा एक मुलगा लिहीत होता, खोडत होता, पुन्हा लिहीत होता.

तेव्हा आपल्या क्षेत्रातला एकच निबंध निवडा आणि ‘हे घडले, कारण...’ हे वाक्य स्वतःच्या शब्दांत पूर्ण करून समासात लिहा. ते वाक्य त्या विषयाचा गंध नसलेल्या सहकाऱ्याला वाचून दाखवा; त्याच्या शंका बहुधा प्रत्यक्षातल्या नेमक्या अडचणींवर बोट ठेवतात. मग दोन आठवडे तेवढीच एक गोष्ट करून पाहा आणि काय दिसले ते रोज दोन ओळींत नोंदवा. वाक्य पूर्णच होत नसेल, तर तो निबंध इतक्यात कामावर नेऊ नका. लेखकांना पत्र लिहून कारण विचारा.