मुलाच्या सर्दीसाठी आलेली आई

“मॅडम, इम्युनिटी वाढवायला नक्की काय द्यायचं?”

करोनाच्या साथीनंतर हा प्रश्न माझ्यापुढे सतत येतो. मी डॉक्टर नाही. कौटुंबिक समुपदेशक आहे, ठाण्यात नौपाड्यात बसते. सर्दी-खोकल्यासाठी म्हणून माझ्याकडे कुणी येत नाही. पण घरात पोर सारखं आजारी असलं की नवरा-बायकोत खटके उडतात, सासू-सुनेत धुसफूस सुरू होते, आणि मग ती सर्दी माझ्या टेबलापर्यंत पोचते. अशाच एका आईची ही गोष्ट तिला विचारून लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला वृषाली म्हणू.

जानेवारीतली दुपार होती. वृषाली घोडबंदर रोडवरून रिक्षाने आली. तोंडाला मास्क, हातात कापडी पिशवी. बसल्या बसल्या तिने पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. च्यवनप्राशचा डबा, गुळवेलीच्या गोळ्या, मुलांच्या मल्टिव्हिटॅमिनच्या जेली, झिंकचं सिरप, चॉकलेटच्या चवीची प्रोटीन पावडर. “हे सगळं चालू आहे. तरी याची सर्दी जात नाही. आई म्हणतात, तू मुलाकडे लक्ष देत नाहीस म्हणून तो असा किडकिडीत आणि आजारी. खरंच माझं काही चुकतंय का?”

मुलगा साडेतीन वर्षांचा. जूनमध्ये नर्सरीत घातलेला. तेव्हापासून नाक वाहणं सुरू. दर थोड्या दिवसांनी डॉक्टर. दोनदा तर डॉक्टरकडे न जाताच, मागच्या वेळचं अँटिबायोटिक घरात उरलं होतं म्हणून तेच दिलेलं. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, सर्दीच्या विषाणूंवर त्याचा काही उपयोग नसतो. उरलेलं औषध असं मनाने देऊ नका, एवढंच तेव्हा मी तिला निक्षून सांगितलं.

“किती वेळा आजारी पडला?” मी विचारलं.

“सारखाच असतो हो.”

“सारखाच” हा शब्द मला नेहमी थांबायला लावतो. काळजीत असलेल्या माणसाला मोजता येत नाही, सगळे दिवस एकमेकांत मिसळून जातात. मी म्हटलं, घरी काही लिहून ठेवलंय का? तिने मोबाइल काढला. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयाचे तिने दर महिन्याला फोटो काढून ठेवले होते, कारण दूधवाल्याचा हिशेब त्याच पानांवर असतो. आणि त्याच चौकोनांत, “दूध नाही” आणि “गॅस आला” यांच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: “ताप 101”, “सर्दी”, “रात्री खोकला”, “शाळा नाही”. संकष्टीच्या लाल चंद्राखाली एका ठिकाणी “उलटी, कफ पडला” असंही होतं. सात महिन्यांची नोंद, तीही इतकी नेटकी! जी आई लक्ष देत नाही असं घरात म्हटलं जात होतं, तिच्या हातचं ते अक्षर होतं. हे मी तिला म्हटलं तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

मग आम्ही दोघींनी बसून मोजलं. जून ते डिसेंबर, मुलाच्या सर्दीच्या फेऱ्या सात.

तिला वाटलं होतं वीसेक तरी भरतील. आता यातलं गणित सांगते, कारण बहुतेक आयांना ते कुणी सांगतच नाही. लहान मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होणं हे सर्वसाधारण आहे, आणि नर्सरीच्या पहिल्या वर्षी दहा-बारा वेळाही होऊ शकते. एकेक सर्दी आठ-दहा दिवस चालते, मागे राहिलेला खोकला तर दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. सात सर्द्या गुणिले दहा दिवस म्हणजे सत्तर दिवस, वर खोकल्याचे वेगळे. पावसाळा आणि हिवाळा धरून हे दिवस पडले की घर सदा आजारी वाटणारच.

सर्दी देणारे विषाणू दोनशेहून जास्त आहेत. त्यातल्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून अधिक प्रकार. मूल एकाशी झुंजून त्याला ओळखायला शिकतं, तोवर वर्गातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी नाकातून पुढचा येतो. ही ओळखपरेड काही वर्षं चालते, आणि सहा-सात वर्षांचं होईतो सर्दीचं प्रमाण बहुतेक मुलांत आपोआप उतरतं. शिवाय नाक गळणं, शिंका, अंग गरम होणं, यातलं बरंचसं विषाणू करत नाही. त्याच्याशी लढताना आपलंच शरीर ते करतं.

“म्हणजे त्याची प्रतिकारशक्ती काम करतेय?” तिने विचारलं.

“काम करतेय म्हणून तर दर वेळी बरा होऊन शाळेत जातोय.”

मुलाचं वजन वाढत होतं, उंची वाढत होती, न्यूमोनिया कधी झाला नव्हता. या गोष्टी मी मुद्दाम विचारल्या. वर्षात दोनदा न्यूमोनिया, चार किंवा जास्त वेळा कान फुटणं, दोन-दोन महिने अँटिबायोटिक देऊनही फरक न पडणं, वजनच न वाढणं, असं काही असेल तर मी एक क्षणही “होतं असं लहानपणी” म्हणत नाही, थेट बालरोगतज्ज्ञांकडे पाठवते. तसंच सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ, नाक-डोळ्यांना खाज, नाकातून पाण्यासारखं गळणं आणि ताप नाही, असं आठवडेच्या आठवडे चाललं तर ती सर्दी नसून धुळीची किंवा ओलसर भिंतीची अ‍ॅलर्जी असू शकते. घोडबंदर रोडच्या बाजूला राहणाऱ्यांना धूळ काय ते मी सांगायला नको.

हे सगळं होईपर्यंत पाऊण तास गेला. आणि तेव्हा माझं लक्ष त्या चौकोनांतल्या दुसऱ्या खुणांकडे गेलं. काही ठिकाणी नुसतं “मी पण” लिहिलं होतं.

“हे काय?”

“त्याच्यामागून मला होते ना. ते असंच लिहून ठेवलंय.”

“मी पण” पाच वेळा होतं. मोठ्या माणसाला वर्षात दोन-तीनदा सर्दी होते. घरात नर्सरीतलं पोर असेल तर त्याहून जास्त, हे खरं. पण सात महिन्यांत पाच, आणि शेवटची तर तीन आठवडे हटली नव्हती. समोर बसलेल्या बाईकडे मी तेव्हा नीट पाहिलं. ओठ पांढुरके, डोळ्यांखाली काळं, आणि माझ्या पहिल्या मजल्यावर जिना चढून आल्यावर ती दोन मिनिटं दम घेत होती, ते मला आत्ता आठवलं.

“झोप किती होते?”

रात्री मुलगा झोपला की साडेअकरापर्यंत ओटा, डबे, दुसऱ्या दिवशीची भाजी. मग मोबाइलवर इम्युनिटीबद्दल शोधत बसणं. एक वाजायचा. नवरा महाप्याला नोकरीला, त्याचा डबा म्हणून साडेपाचला उठणं. मधे पोर खोकलं की पुन्हा जाग. चार, फार तर साडेचार तास.

अमेरिकेत झालेला एक अभ्यास मी अशा वेळी सांगते. तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. 164 निरोगी माणसांची झोप आठवडाभर मनगटावरच्या यंत्राने मोजली, मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले आणि कोण आजारी पडतं ते पाहिलं. सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या तुलनेत सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपटीहून जास्त निघाली. विषाणू सगळ्यांना सारखाच दिला होता.

“आणि जेवण?” ती हसली. सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल ते. जेवणावर लगेच चहा, “तेवढाच एक निवांतपणा.” आणि मग जरा लाजत म्हणाली, “तांदूळ निवडताना मी कच्चेच खाते. सवय लागलीय. कोलमचे छान लागतात. रोज मूठभर तरी जातात.”

माझी आजी विरारकडच्या खेड्यात राहायची. तिथे कच्चे तांदूळ खाणाऱ्या, भिंतीची माती चाटणाऱ्या बायकांना नुसतं “डोहाळे” म्हणून सोडून देत. शरीरात लोह कमी झालं की अशी भलती खा-खा सुटू शकते, हे मला या कामात आल्यावर कळलं. मी निदान करत नाही. तिला तिच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली आणि वर ठळक लिहिलं: थकवा, दम, कच्चे तांदूळ खाणे, कृपया रक्त तपासावे.

हिमोग्लोबिन निघालं 8.6. बाईचं ते 12 तरी हवं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायका रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे माझ्या समोरच्या खुर्चीत बसणाऱ्या दोघींपैकी एक तरी. आणि त्या येतात त्या मुलाचं काय, नवऱ्याचं काय हे विचारायला.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. माझं काम वेगळं होतं. ज्या घरात मुलासाठी महिन्याला तीन-चार हजारांच्या बाटल्या येत होत्या, त्याच घरात तिच्यासाठी ताटात अळीवाचा लाडू, पालेभाजीवर लिंबू आणि रात्री दहाला अंथरूण एवढं मागायचं होतं. ते ती मागू शकत नव्हती. म्हणून तिसऱ्या भेटीला मी सासूबाईंना बोलावलं.

त्या आल्या त्या तयारीनेच. “आमच्या वेळी नव्हती हो एवढी सर्दी पोरांना.”

मी म्हटलं, “काकू, ‘शेंबडं पोरसुद्धा सांगेल’ असं आपण म्हणतो, ते कुठून आलं? पोर म्हटलं की शेंबूड, हे आपल्या पणजीलाही माहीत होतं.” त्या पदर तोंडाला लावून हसल्या. आणि मग, कुणी काही न विचारता, सांगायला लागल्या. त्यांचा धाकटा तीन वर्षांचा असताना सर्दी म्हणून सोडून दिलं होतं, ती छातीत गेली. न्यूमोनिया. पंधरा दिवस दवाखान्यात त्या फरशीवर झोपल्या. मूल वाचलं. पण तेव्हा त्यांच्या सासूने म्हटलेलं वाक्य त्यांनी जसंच्या तसं मला सांगितलं: “तुझं लक्ष नव्हतं.”

वृषाली त्यांच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं ज्या घरात राहते तिथे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी काही बोलले नाही. बोलायची गरजही नव्हती.

त्यानंतरची व्यवस्था काकूंनीच लावली. पिशवीतल्या वस्तू डॉक्टरांना दाखवून बहुतेक बंद झाल्या. गुळवेलीच्या गोळ्यांबद्दल मी स्वतः आग्रह धरला होता: 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. पण साडेतीन वर्षांच्या पोराला असं काही वैद्याला न विचारता देऊ नये, यावर तरी वाद नको. आवळा, लिंबू, पेरू खावेतच. मात्र रोज क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन सर्वसामान्य माणसाच्या सर्द्यांची संख्या कमी होत नाही. फार तर सर्दी किंचित लवकर आवरते. खोकल्याला रात्री अर्धा चमचा मध चालू राहिला, कारण एक वर्षाच्या वरच्या मुलाला तो चालतो आणि बरंही वाटतं. जमिनीवर पातेलं ठेवून वाफ द्यायची पद्धत मात्र बंद झाली. उकळत्या पाण्याने भाजलेली पोरं डॉक्टरांना नेहमी बघावी लागतात. डासांची कॉइल त्या खोलीतून गेली, मच्छरदाणी आली. शाळेतून आल्यावर साबणाने हात, वीस सेकंद. आणि बालरोगतज्ज्ञांशी बोलून फ्लूची लस, जी पाच वर्षांखालच्या मुलांना दर वर्षी द्यावी असं आपले बालरोगतज्ज्ञ सांगतात.

वृषालीचा चहा जेवणानंतर तासाने गेला, कारण चहाने अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. तिला पहिले काही दिवस गोळ्यांनी मळमळ झाली, शौचाला काळं झालं, ती घाबरली. डॉक्टरांनी समजावलं. पहिल्या महिन्यात तिला काहीच फरक वाटला नाही, आणि एकदा ती माझ्यावर चिडलीही: “सगळे मला झोप म्हणतात, ओटा कोण आवरणार?” रास्त प्रश्न होता. नवऱ्याला त्यासाठी बोलवावं लागलं. तो ठाण्याहून सकाळची गाडी पकडायचा, साडेआठला घरी यायचा, आणि त्याला प्रामाणिकपणे वाटायचं की रात्रीचा ओटा आपोआप स्वच्छ होतो. आता भांडी तो घासतो. कुरकुरतो, पण घासतो.

कच्चे तांदूळ कधी सुटले ते तिला आठवत नाही. एक दिवस निवडताना लक्षात आलं की तोंडात काही टाकलेलं नाही. एप्रिलअखेर हिमोग्लोबिन 11.4 होतं. डॉक्टरांनी गोळ्या अजून काही महिने चालू ठेवायला सांगितल्या.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. तिसऱ्याच आठवड्यात तिचा फोन आला, आमची ठरलेली वेळ पुढे ढकलायला. मी कारण विचारलं.

“नाक गळतंय त्याचं. ताप नाहीये, खेळतोय. आईंनी ठेवून घेतलंय,” ती म्हणाली. “रात्री त्याने दोनदा उठवलं. मी आज दुपारी जरा झोपते, मॅडम.”